काठ

आधी काठ उसवायचे.
काठ जाड असतो, जखमेत रुततो,
छावणीच्या कंपाउंडरनं एवढंच शिकवलं.
मग धुणं, उकळणं, सावलीत वाळवणं,
मग चार बोटं रुंद चीर.
सुरुवात दातानं, पुढं हातानं, सरळ.
कापड ओरडतं. ओरडू द्यायचं.

दसरा झाला अन् पलटण गेली.
हिंगोलीहून गाड्या अकोल्याच्या वाटेला लागल्या,
तिथून रेल, रेलच्या पुढं आगबोट,
आगबोटीच्या पुढं ब्रह्मदेश.
धुरपता म्हणाली, "वसमतच्या पल्याड असंल."
कुणी हसलं नाही. कुणाला ठाऊक होतं?
तिचा लेक डोलीवाला. बंदूक नाही, पगार निम्मा.
पण गोळीला काय कळतंय
कुणाच्या खांद्यावर डोली अन् कुणाच्या बंदूक.

कयाधूच्या काठाला माझा ओटा.
दुपारच्या भाकरी झाकून बाया यायच्या.
हुरमतबी, दफेदाराची, तिनं निकाहची ओढणी आणली,
जर काढून सोनाराला घातली,
त्यात रिठे आले, सुंठ आली, अन् कढईखालचं जळण.
सरकारनं सांगितलं नव्हतं.
सरकारला आम्ही ठाऊकच नव्हतो.

ढीग मात्र वेगवेगळे.
ज्याचं कापड त्याच्या जातीच्या जखमेला,
असं ठरलं होतं. ठरवणारी मीच, ठमा शिंपीण.
धुरपतेचं लुगडं मी काठीनं उचललं.
आत्ताच सांगून टाकते, नंतर जीभ रेटायची नाही.
कढई एकच होती,
ते कुणी बोललं नाही.

एका रात्री मागच्या दारी तुळजाक्का.
कुलकर्ण्यांची, सोळाव्या वर्षी केस गेलेली.
पदराखालून घडी काढली. आलवण.
मी म्हटलं, "माय, शिपायाच्या अंगाला हे?
लोक काय म्हणतील?"
ती म्हणाली, "यावर रक्त दिसायचं नाही.
बघणाराला तेवढाच धीर."
दोनच आलवणं होती तिला.
त्या दिवसापासून ती रात्री धुवायची
अन् पहाटे ओलंच नेसायची.
हे मला फार उशिरा कळलं.

दिवा बारीक करून मी ते चिरलं.
त्याला काठ नव्हताच,
उसवायला काही नव्हतं.
चिरा आखूड पडल्या म्हणून मधी जोड दिला,
माझा उलटा टाका, दुहेरी,
अन् चिरा सगळ्या ढिगांच्या तळाशी सारल्या, थोड्या थोड्या.

दफेदाराची खबर आली तेव्हा
हुरमतबी ओट्यावरच होती, निम्म्या चिरेत.
तिनं चीर शेवटाला नेली,
गुंडाळी केली, टोक आत खोचलं.
मग उठली.

दीड वर्षानं गाड्या परतल्या.
जेवढ्या गेल्या तेवढ्या नाही.
धुरपतेचा लेक उतरला,
डावा हात गळ्यात बांधलेला, तांबड्या पट्टीत.
माझा टाका मी वेशीतूनच ओळखला.
तिथं ढीग कुणी पाळले असतील!
जवळ होती ती पट्टी, जवळ होती ती जखम.
तुळजाक्का घागर घेऊन त्याच वाटेनं गेली.
क्षणभर थांबली, की घागर जड झाली असंल.

पुढं धुरपतेनं पट्टी धुऊन आणली,
ओट्यापासून चार हातांवर ठेवली, रीतीनं.
माझा हात काठीकडं गेला,
मग गेला नाही.
उचलली हातानं. फार काही नव्हतं त्यात.
दुसऱ्या दिवशी काठी होतीच, भिंतीला टेकून.

उसवलेले काठ टोपलंभर उरलेत.
रुईफुली, नारळी, एक हिरवा बांगडीमोड.
मागायला कुणी आलं नाही.
कुठला कुणाचा, मला तोंडपाठ आहे.
मोजायला बसले की दर वेळी
एक कमी भरतो.